वाइल्डर पेनफिल्ड

वाइल्डर ग्रेव्हज पेनफिल्ड (जन्म : स्पोकेन, वॉशिंग्टन, अमेरिका, २६ जानेवारी १८९१, मृत्यू : माँत्रियाल, कॅनडा, ५ एप्रिल १९७६) हे अमेरिकेत जन्मलेले कॅनेडियन मेंदूशल्यचिकित्सक व मज्जाशास्त्रज्ञ होते. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारावर शस्त्रक्रिया करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. ही पद्धत वैद्यकीय वाङ्मयात 'माँत्रियाल पद्धत' म्हणून ओळखली जाते. माँत्रियाल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या संस्थेचे ते संस्थापक व पहिले संचालक होते. शरीराच्या विविध भागांचे मेंदूवरील स्थान दाखवणारा 'होमंक्युलस' हा नकाशा त्यांच्या नावाशी जोडला गेला आहे. तथापि, कोणत्या रुग्णाची कवटी उघडावी आणि कोणाची उघडू नये, हा त्यांच्यासमोरचा रोजचा प्रश्न होता. त्या काळी जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र मिळवण्याचे साधन जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे पेनफिल्ड यांचे चरित्र हा बऱ्याच अंशी या निवडीचाही इतिहास आहे.

बालपण व शिक्षण

पेनफिल्ड यांचे वडील चार्ल्स सॅम्युअल पेनफिल्ड हे डॉक्टर होते, परंतु त्यांचा व्यवसाय नीट चालला नाही. वाइल्डर आठ वर्षांचे असताना आईवडील विभक्त झाले आणि आई जीन जेफरसन पेनफिल्ड मुलांना घेऊन विस्कॉन्सिन राज्यातील हडसन या गावी माहेरी आल्या. मुलाला ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळावी ही आईची महत्त्वाकांक्षा होती. अभ्यास, खेळ आणि नेतृत्व या तिन्ही गुणांवर ही शिष्यवृत्ती दिली जाई. म्हणून वाइल्डर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात अभ्यासाबरोबर फुटबॉलचाही निष्ठेने सराव केला. १९१३ मध्ये पदवी मिळाल्यावर काही काळ त्यांनी तेथील संघाला प्रशिक्षणही दिले. वडिलांसारखे डॉक्टर व्हायचे नाही असे त्यांनी आधी ठरवले होते, पण प्रिन्स्टनमध्येच हा विचार बदलला.

ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना दोन थोर गुरू लाभले. एक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ऑस्लर आणि दुसरे शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन. शेरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत त्यांना मज्जासंस्थेचे वेड लागले आणि ते अखेरपर्यंत टिकले. पहिले महायुद्ध सुरू होते. मार्च १९१६ मध्ये फ्रान्समधील रेडक्रॉसच्या रुग्णालयात मदतीसाठी जात असताना ते ज्या 'ससेक्स' या बोटीवर होते तिच्यावर इंग्लिश खाडीत जर्मन पाणबुडीने पाणतीर सोडला. बोटीचा पुढचा भाग उडाला, अनेक प्रवासी मरण पावले आणि पेनफिल्ड यांच्या पायाला मोठी दुखापत झाली. ऑस्लर दांपत्याने त्यांना ऑक्सफर्डमधील आपल्या घरी ठेवून घेतले व बरे केले.

१९१७ मध्ये हेलन करमॉट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पुढे चार अपत्ये झाली. १९१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. त्यानंतर बॉस्टन येथील पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात त्यांनी उमेदवारी केली. आधुनिक मेंदूशल्यचिकित्सेचे एक जनक हार्वे कुशिंग तेथे प्रमुख होते. पुन्हा इंग्लंडला जाऊन त्यांनी ऑक्सफर्ड आणि लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील राष्ट्रीय रुग्णालयात शिक्षण पुरे केले. याच रुग्णालयात व्हिक्टर हॉर्सली यांनी १८८६ मध्ये फेफरे येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतील वण काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. म्हणजे अपस्मारावर शस्त्रक्रिया ही कल्पना पेनफिल्ड यांची नव्हे. पण मधल्या काळात ती जवळपास मागे पडली होती.

न्यू यॉर्क, माद्रिद व ब्रेस्लाउ

१९२१ पासून सात वर्षे पेनफिल्ड न्यू यॉर्कमध्ये होते. मेंदूवरील शस्त्रक्रियांत त्या काळी मृत्यूचे प्रमाण मोठे होते आणि पेनफिल्ड यांचे सुरुवातीचे रुग्णही दगावले. जखम झाल्यावर मेंदूत नेमके काय घडते हे जाणून घेतल्याशिवाय या शाखेत पुढे जाता येणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. मेंदूतील चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसाव्यात अशी रंजनपद्धती स्पेनमध्ये वापरली जात होती. ती शिकण्यासाठी १९२४ मध्ये ते पत्नी व मुलांसह माद्रिदला गेले आणि पिओ देल रिओ-ओर्तेगा यांच्या प्रयोगशाळेत काही महिने राहिले. तेथील कामातून ऑलिगोडेंड्रोग्लिया या पेशींवरील त्यांचा शोधनिबंध तयार झाला.

या अभ्यासाचा फायदा त्यांना पुढे शस्त्रक्रियागृहात झाला. इजा झालेली ऊती मेंदूत तशीच राहिली तर तिच्याभोवती घट्ट, आकसणारा वण तयार होतो. तीच ऊती स्वच्छ कापून काढली तर उरलेली पोकळी द्रवाने भरते आणि वण फारसा होत नाही. अपस्माराच्या बऱ्याच रुग्णांच्या मेंदूत असे जुने, आकसलेले वण असत. वण काढताना नवा वण निर्माण होऊ द्यायचा नाही, हे त्यांच्या शस्त्रक्रियेचे सूत्र माद्रिदच्या दिवसांतून आले आहे.

१९२८ मध्ये ते जर्मनीतील ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे गेले. महायुद्धात डोक्याला गोळ्या व बाँबचे तुकडे लागून नंतर फेफरे येऊ लागलेल्या सैनिकांवर फोर्स्टर शस्त्रक्रिया करीत. रुग्णाला भूल न देता फक्त डोक्याची त्वचा बधिर करून ते कवटी उघडत. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, त्यामुळे हे शक्य होते. मग मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युत्प्रवाह देऊन कोणता भाग हात हलवतो, कोणता बोलण्याशी संबंधित आहे हे ते पाहत आणि त्यानुसार वण कापत.

या सैनिकांपैकी शस्त्रक्रियेचा लाभ कोणाला होईल हे ठरवण्यासाठी फोर्स्टर वायुचित्रणाचा उपयोग करीत. साध्या क्ष-किरण चित्रात कवटीची हाडे दिसतात. मेंदू दिसत नाही, कारण मेंदू आणि त्याभोवतीचा द्रव यांतून किरण जवळपास सारखेच पार होतात. बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये यावर तोड काढली. मेंदूच्या आतील पोकळ्यांमधला द्रव काढून तेथे हवा भरली, की त्या पोकळ्यांचा आकार क्ष-किरण चित्रात उमटतो. पुढच्याच वर्षी त्यांनी कवटीला छिद्र न पाडता पाठीच्या मणक्यांमधून सुईने हवा सोडण्याची रीत दाखवली. तपासणी क्लेशदायक होती. तीव्र डोकेदुखी, उलट्या आणि काही दिवसांची अस्वस्थता हा तिचा नेहमीचा परिणाम असे. पण तिच्यातून मेंदूचे एक अप्रत्यक्ष चित्र मिळे.

फोर्स्टर व पेनफिल्ड यांनी १९३० मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात आघातजन्य अपस्मारावर एक निबंध प्रसिद्ध केला. वण आकसताना आजूबाजूचा मेंदू आपल्याकडे ओढतो आणि त्या ओढीने आतली पोकळीही जखमेच्या बाजूला सरकते, हे त्यांनी वायुचित्रे व सूक्ष्मदर्शकीय तपासणी यांची सांगड घालून दाखवले. वायुचित्रात पोकळी एका बाजूला ओढलेली दिसली आणि रुग्णाच्या फेफऱ्याची सुरुवातही त्याच भागाकडे बोट दाखवत असली, तर शस्त्रक्रियेला आधार मिळे. चित्र आणि लक्षणे यांचा मेळ बसला पाहिजे, हा आजही पाळला जाणारा दंडक येथे स्पष्ट स्वरूपात आढळतो.

माँत्रियाल आणि बहिणीची शस्त्रक्रिया

१९२८ च्या शरद ऋतूत मॅकगिल विद्यापीठ आणि रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या निमंत्रणावरून पेनफिल्ड माँत्रियालला आले. त्यांचे न्यू यॉर्कमधील सहकारी विल्यम कोन हेही त्यांच्याबरोबर आले. शल्यविभागाचे प्रमुख एडवर्ड आर्चिबाल्ड यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता.

येऊन थोडे महिने होतात न होतात तोच पेनफिल्ड यांच्या थोरल्या बहिणीचे, रूथ यांचे दुखणे बळावले. त्यांना अनेक वर्षांपासून डोकेदुखी होती आणि फेफरी येत असत. माँत्रियालमध्ये तपासणी केल्यावर मेंदूत गाठ असून कवटीतील दाब वाढल्याचे स्पष्ट झाले. स्वतःच्या बहिणीवर शस्त्रक्रिया करण्यास सहसा कोणी डॉक्टर धजत नाही. परंतु अशा शस्त्रक्रियेचा अनुभव असलेले दुसरे कोणी तेथे नव्हते. डिसेंबर १९२८ मध्ये पेनफिल्ड यांनी कोन यांच्या साहाय्याने ती केली. गाठ उजव्या ललाटखंडात होती आणि अपेक्षेपेक्षा फारच मोठी निघाली. ती ऑलिगोडेंड्रोग्लिओमा प्रकारची, म्हणजे ज्या पेशींचा पेनफिल्ड यांनी माद्रिदमध्ये अभ्यास केला होता त्यांच्याशीच नाते सांगणारी होती. रक्तस्राव मोठा झाला. उजव्या ललाटखंडाचा बराच भाग काढूनही सगळी गाठ काढता आली नाही.

रूथ बऱ्या होऊन घरी परतल्या. बोलणे, स्मरणशक्ती, स्वभाव यांत वरकरणी काही बिघाड नव्हता. सुमारे सव्वा वर्षाने पेनफिल्ड त्यांच्याकडे जेवायला गेले, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. घरच्या चार माणसांचा आणि एका पाहुण्याचा साधा स्वयंपाक ही एरवी रूथ यांच्या दृष्टीने किरकोळ बाब होती. पण जेवणाची वेळ झाली तेव्हा सामान सगळे समोर होते, एकदोन पदार्थ चुलीवर होते, मांस शिजायला घातलेलेच नव्हते आणि त्या गोंधळून गेल्या होत्या. कोणते काम आधी करायचे व कोणते नंतर, याची आखणी त्यांना जमत नव्हती. गाठ पुन्हा वाढली, कुशिंग यांनी बॉस्टनमध्ये दुसरी शस्त्रक्रिया केली, तरी १९३१ मध्ये रूथ यांचे निधन झाले.

१९३५ मध्ये पेनफिल्ड यांनी जोसेफ इव्हान्स यांच्यासह ललाटखंडावर लिहिलेल्या निबंधात या स्वयंपाकघरातील प्रसंगाची नोंद केली आहे. नियोजनक्षमता व ललाटखंड यांच्या संबंधावरील अभ्यासात ही नोंद आजही उद्धृत केली जाते. मेंदूचा भाग काढण्याची किंमत नेहमी ठळकपणे दिसतेच असे नाही, हा धडा त्यांना घरातच मिळाला.

संस्थेची स्थापना

शल्यचिकित्सक, मज्जाविकारतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ आणि प्रयोगशाळेतील संशोधक एकाच छताखाली असावेत, रुग्णाच्या खाटेपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत चार पावलांचे अंतर असावे, अशी पेनफिल्ड यांची कल्पना होती. रॉकफेलर प्रतिष्ठानचे अॅलन ग्रेग यांना ती पटली आणि १९३२ मध्ये प्रतिष्ठानने १२ लाखांहून अधिक डॉलरचे अनुदान दिले. क्वेबेक प्रांताचे सरकार, माँत्रियाल शहर आणि खासगी देणगीदार यांनीही भर घातली. सप्टेंबर १९३४ मध्ये माँत्रियाल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी पेनफिल्ड यांनी कॅनडाचे नागरिकत्व स्वीकारले. इमारतीच्या प्रवेशदालनाच्या छतावर ग्लिया पेशींची नक्षी आहे. संस्थापकाची आवड तेथेही लपलेली नाही.

रुग्णनिवड व माँत्रियाल पद्धत

अपस्मारावर त्या काळी ब्रोमाइड व फेनोबार्बिटल ही औषधे होती. १९३८ मध्ये फेनिटॉइन आले. ज्यांची फेफरी औषधांनी थांबत नव्हती त्यांची अवस्था दारुण होती. नोकरी मिळत नसे, विवाह होत नसे, कित्येकांना संस्थांमध्ये आयुष्य काढावे लागे. अशा रुग्णांपैकी ज्यांचे फेफरे मेंदूच्या एकाच आणि सुरक्षितपणे काढता येण्याजोग्या जागेतून सुरू होते, त्यांनाच शस्त्रक्रियेचा उपयोग होऊ शकत होता. ती जागा शोधण्यासाठी पेनफिल्ड चार मार्गांनी पुरावा गोळा करीत.

पहिला मार्ग रुग्णाचे बोलणे. फेफऱ्यापूर्वी क्षणभर येणारी जाणीव, म्हणजे विशिष्ट वास, पोटातून वर चढणारी भीती, बोटांतील मुंग्या, याकडे ते फार बारकाईने लक्ष देत. ही जाणीव मेंदूतील उगमस्थानाची खूण असते. दुसरा मार्ग क्ष-किरणांचा. बालपणी मेंदूच्या एका अर्धाला इजा झाली असेल तर त्या बाजूची वाढ खुंटते आणि कवटीही त्या बाजूला लहान व जाड राहते. साध्या चित्रातला हा फरकही बोलका असे. पुढे वायुचित्रात पोकळी कोठे रुंदावली आहे, कोठे ओढली गेली आहे, हे पाहिले जाई. संस्थेचे क्ष-किरणतज्ज्ञ डॉनल्ड मॅकरे यांनी चित्रांतील आणि प्रत्यक्ष मेंदूतील दोषांची तुलना करणारे महत्त्वाचे काम केले. तरीही वायुचित्र पोकळ्यांची रूपरेषा दाखवी, मेंदूचा गर नव्हे. अनेक रुग्णांचे चित्र निर्दोष येई आणि दोष मात्र असे.

तिसरा मार्ग हर्बर्ट जॅस्पर यांच्यामुळे खुला झाला. मेंदूतील विद्युत्लहरींची नोंद, म्हणजे ईईजी, हे जॅस्पर यांचे क्षेत्र होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते माँत्रियालला आले आणि १९३९ मध्ये संस्थेत त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. डोक्यावरून घेतलेल्या नोंदीत अणकुचीदार लहरी कोठून उमटतात यावरून अपस्माराच्या केंद्राचा अंदाज येऊ लागला. शंखखंडातून उद्भवणाऱ्या अपस्माराच्या बाबतीत तर ईईजीमुळे चित्रच पालटले. १९५० च्या सुमारास शिकागोचे पर्सिव्हल बेली व फ्रेडरिक गिब्ज केवळ ईईजीच्या आधारे, मेंदूत डोळ्यांना दोष दिसला नाही तरी, शंखखंडाचा भाग काढू लागले होते. पेनफिल्ड मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी दोष प्रत्यक्ष दिसण्याला अधिक महत्त्व देत.

चौथा मार्ग शस्त्रक्रियागृहातला होता. रुग्ण जागा असे. उघड्या मेंदूवर ठिकठिकाणी विद्युत्प्रवाह दिला जाई आणि रुग्णाने काय केले, त्याला काय जाणवले हे टिपून त्या जागी क्रमांकाची कागदी चिठ्ठी ठेवली जाई. शेवटी छायाचित्र घेतले जाई. वाणीचे भाग निश्चित करून ते वाचवले जात. रुग्णाला नेहमी जाणवणारी पूर्वसूचना एखाद्या जागेला स्पर्श करताच उमटली, तर तीच शोधत असलेली जागा असण्याचा संभव मोठा असे. जॅस्पर त्याच वेळी मेंदूच्या पृष्ठभागावरून थेट विद्युत्लहरी नोंदवीत. शस्त्रक्रिया कित्येक तास चाले आणि तेवढा वेळ रुग्णाशी संभाषण चालू ठेवणे हेही पेनफिल्ड यांच्या कौशल्याचे अंग होते.

एडविन बोल्ड्रे यांच्यासह १९३७ मध्ये आणि थिओडोर रासमुसेन यांच्यासह १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला होमंक्युलस या चिठ्ठ्यांतूनच निघाला. एच. पी. कँटली या चित्रकर्तीने काढलेला तो मोठ्या ओठांचा, प्रचंड अंगठ्याचा माणूस पाठ्यपुस्तकांतून जगभर पोहोचला. तो वस्तुतः अनेक रुग्णांच्या नोंदींची ढोबळ सरासरी होता, आणि पेनफिल्ड यांनीही त्याच्या मर्यादा नोंदवल्या होत्या. २०२३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइसच्या संशोधकांनी कार्यदर्शी एमआरआयच्या साहाय्याने दाखवले, की चलनविषयक पट्ट्यात पाय, हात व चेहरा यांच्या क्षेत्रांमध्ये संपूर्ण शरीराच्या हालचालींच्या समन्वयाशी निगडित असे वेगळे भागही आहेत.

१९६३ मध्ये पेनफिल्ड व फेनर पेरो यांनी ११३२ रुग्णांवरील १२८८ शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. शंखखंड तपासलेल्या ५२० रुग्णांपैकी ४० जणांना विद्युत्प्रवाह देताच जुना प्रसंग, ओळखीचा आवाज किंवा संगीत यांचा अनुभव आला होता. मेंदूत गतकाळाची अखंड नोंद साठवलेली असते, असा निष्कर्ष पेनफिल्ड यांनी यावरून काढला. तो पुढे टिकला नाही. असे अनुभव थोड्याच रुग्णांना आले होते आणि त्यांपैकी किती खऱ्या आठवणी व किती फेफऱ्यासारखे भास हे सांगता येत नव्हते. लोकप्रिय लेखनात मात्र हा निष्कर्ष अजूनही सिद्ध सत्य म्हणून वावरतो.

दोन रुग्ण आणि न दिसलेला दोष

सुरुवातीला पेनफिल्ड शंखखंडाचा फक्त बाहेरचा भाग काढीत, आतील हिप्पोकॅम्पसला हात लावीत नसत. अनेकांची फेफरी तरीही चालू राहत. हर्बर्ट जॅस्पर व इतर सहकाऱ्यांच्या कामातून उगम बहुधा आतल्या भागातच असतो हे कळले, तेव्हा १९५० च्या आसपास तोही भाग काढला जाऊ लागला. निकाल सुधारले.

परंतु दोन रुग्णांच्या बाबतीत भयंकर घडले. पी. बी. आणि एफ. सी. या आद्याक्षरांनी ते वैद्यकीय वाङ्मयात ओळखले जातात. दोघांच्याही डाव्या शंखखंडावर शस्त्रक्रिया झाली होती. शुद्धीवर आल्यावर त्यांची बुद्धी, भाषा, जुन्या आठवणी शाबूत होत्या, पण नवे काहीही लक्षात राहत नव्हते. तरुण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी दोघांची तपासणी केली. एकाच बाजूचा हिप्पोकॅम्पस काढल्याने स्मृती जाऊ नये, कारण दुसऱ्या बाजूचा शिल्लक असतो. म्हणून पेनफिल्ड व मिल्नर यांनी तर्क केला, की या रुग्णांचा उजवा हिप्पोकॅम्पस आधीपासूनच निकामी असला पाहिजे आणि ते कोणाला दिसले नव्हते. १९५५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष शिकागोतील परिषदेत मांडले. ते वाचून हार्टफर्डचे शल्यचिकित्सक विल्यम स्कोव्हिल यांनी, आपल्याही एका रुग्णाला दोन्ही बाजूंच्या शस्त्रक्रियेनंतर असाच विस्मृतीचा विकार जडल्याचे कळवले. हा रुग्ण म्हणजे पुढे स्मृतीच्या संशोधनात विख्यात झालेला एच. एम.

पी. बी. यांच्या मृत्यूनंतर त्यांचा मेंदू तपासला गेला. उजवा हिप्पोकॅम्पस खरोखरच आकसलेला होता. पेनफिल्ड व गॉर्डन मॅथिसन यांनी १९७४ मध्ये, म्हणजे पेनफिल्ड ८३ वर्षांचे असताना, हा अहवाल प्रसिद्ध केला. निवृत्त शल्यचिकित्सकाने आपल्या रुग्णाच्या हानीचे कारण इतक्या उशिरा छापून नोंदवावे, ही त्यांच्या कारकिर्दीतील एक लक्षणीय बाब मानावी लागेल.

हा धोका टाळण्यासाठी तोवर संस्थेत एक चाचणी रूढ झाली होती. जपानी मज्जाशास्त्रज्ञ जून वाडा यांनी मानेच्या रोहिणीतून अमायटल हे औषध देऊन मेंदूचा एक अर्ध काही मिनिटे निष्क्रिय करण्याची रीत माँत्रियालला आणली. त्यामुळे वाणी कोणत्या बाजूला आहे हे समजे. मिल्नर यांनी तिचा उपयोग स्मृतीसाठीही केला. ज्या बाजूवर शस्त्रक्रिया करायची ती झोपवून दुसरी बाजू एकटी आठवण ठेवू शकते का, हे शस्त्रक्रियेआधीच पाहता येऊ लागले. दिसत नसलेल्या हिप्पोकॅम्पसची ही परीक्षाच होती.

उत्तरायुष्य

१९६० मध्ये पेनफिल्ड संचालकपदावरून निवृत्त झाले आणि रासमुसेन त्यांच्या जागी आले. निवृत्तीनंतर त्यांनी लेखनाला वाहून घेतले. 'नो अदर गॉड्स' ही कादंबरी १९५४ मध्येच आली होती. हिपॉक्रेटीसवरील 'द टॉर्च' १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांना दुसरी भाषा लहान वयातच शिकवावी, असा आग्रह ते दीर्घकाळ धरीत होते. इंग्रजी व फ्रेंच भाषकांमध्ये विभागलेल्या माँत्रियालमध्ये या मताला वेगळे वजन होते. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या व्हॅनिए कुटुंब संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. १९६२ मध्ये मोटार अपघातात जबर जखमी झालेले सोव्हिएत पदार्थवैज्ञानिक लेव्ह लांडाउ यांच्या उपचारांबाबत सल्ला देण्यासाठी ते मॉस्कोला गेले होते.

'द मिस्टरी ऑफ द माइंड' (१९७५) या पुस्तकात त्यांनी मन हे केवळ मेंदूच्या क्रियांनी स्पष्ट होत नाही, असे मत मांडले. अनेक मज्जाशास्त्रज्ञांना ते मान्य झाले नाही. 'नो मॅन अलोन' हे आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये प्रकाशित झाले. त्यातील कथन १९३४ मध्ये संस्था उभी राहण्याशी थांबते.

५ एप्रिल १९७६ रोजी रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मेम्फ्रेमेगॉग सरोवराकाठच्या कुटुंबाच्या शेतावर त्यांच्या अस्थी पुरण्यात आल्या.

त्यांच्यानंतर : प्रतिमाचित्रण

पेनफिल्ड यांच्या हयातीच्या शेवटच्या वर्षांतच वायुचित्रणाचा काळ संपत आला. १९७३ मध्ये त्यांच्याच संस्थेत सीटी स्कॅन यंत्र आले. त्यावेळचे संचालक विल्यम फिंडेल हे पेनफिल्ड यांचे शिष्य होते. सीटी स्कॅनमध्ये गाठी व कॅल्शियमचे साठे दिसत, पण हिप्पोकॅम्पसमधील बारीक दोष बहुधा निसटत. १९८० च्या दशकात एमआरआय आल्यावर आकसलेला हिप्पोकॅम्पस जिवंत माणसात प्रथमच स्पष्ट दिसू लागला, आणि पुढच्या दशकात त्याचे घनफळ मोजून दोन्ही बाजूंची तुलना करण्याची पद्धत रुळली. पी. बी. यांच्या बाबतीत मृत्यूनंतर जे कळले ते आज अर्ध्या-पाऊण तासाच्या तपासणीत, काहीही न टोचता कळू शकते.

एमआरआयमध्ये दोष न दिसल्यास पेट स्कॅनचा आधार घेतात. फेफऱ्यांच्या मधल्या काळात अपस्माराचे केंद्र असलेला भाग ग्लुकोज कमी वापरतो आणि तो भाग चित्रात फिका दिसतो. याउलट फेफरे चालू असताना तेथील रक्तप्रवाह वाढतो व तो स्पेक्ट तपासणीत टिपता येतो. कार्यदर्शी एमआरआयने वाणीचे स्थान समजत असल्याने वाडा चाचणीची गरज पुष्कळ कमी झाली आहे. दोष दिसणे म्हणजे शस्त्रक्रिया करणे असा अर्थ मात्र होत नाही. लक्षणे, व्हिडिओसह घेतलेला ईईजी, मानसशास्त्रीय चाचण्या आणि प्रतिमा एकाच जागेकडे निर्देश करीत असतील तरच निर्णय होतो. कॅनडातील लंडन (ऑन्टॅरिओ) येथे ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शंखखंडाची शस्त्रक्रिया ज्यांच्या वाट्याला आली त्या गटातील ५८ टक्के रुग्णांची शुद्ध हरपणारी फेफरी वर्षअखेरीस थांबलेली होती. केवळ औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होते.

भारताशी संबंध

भारतातील मेंदूशल्यचिकित्सेचे आद्य प्रवर्तक जेकब चँडी यांनी माँत्रियाल येथे पेनफिल्ड यांच्याकडे शिक्षण घेतले होते. १९४९ मध्ये त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये विभाग सुरू केला आणि १९५२ मध्ये तेथे अपस्मारावरील शस्त्रक्रिया केली. मुंबईचे मेंदूशल्यचिकित्सक राम गिंडे हेही माँत्रियाल संस्थेत शिकलेले होते. १९९५ पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एमआरआय व व्हिडिओ ईईजीच्या आधारे रुग्णांची निवड करून अशा शस्त्रक्रिया नियमितपणे होऊ लागल्या.

सन्मान व स्मृती

१९४३ मध्ये पेनफिल्ड रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९५३ मध्ये त्यांना ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट, १९६० मध्ये लिस्टर पदक आणि १९६७ मध्ये कॅनडाचा ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान मिळाला. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते, परंतु ते त्यांना मिळाले नाही. माँत्रियालमधील एका रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. जळलेल्या पावाचा वास येणाऱ्या रुग्णेवरील शस्त्रक्रियेचा प्रसंग दाखवणारा मिनिटभराचा चित्रपट कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर १९९० च्या दशकात वारंवार दाखवला जाई आणि तेथील एका पिढीला पेनफिल्ड हे नाव त्यामुळेच ठाऊक आहे. फिलिप के. डिक यांच्या एका विज्ञान कादंबरीत मनाची अवस्था बदलणाऱ्या यंत्राला त्यांचे नाव दिलेले आहे. २६ जानेवारी २०१८ रोजी गूगलने त्यांच्या जन्मदिनानिमित्त डूडल प्रसिद्ध केले.